रिलीव्हर आला का?

अहो, ऐकलंत का? या ना जरा इकडे, मेंदीपाशी. बादली राहू द्या तिथंच, नळ जायला अजून वेळ आहे. मुनग्यावाल्या घरातले काका... नाव नाही घेत मी, आपल्या सेक्टरमध्ये कुंपणालाही कान असतात... तर ते काका काल सकाळी सव्वासहाला ओट्यावर बसून लाल भाजी निवडत होते! देवाशपथ. समोर परात, शेजारी वही, नाकावर चष्मा. एक जुडी संपली की वहीत खूण करायचे. समोरच्या तेलुगू आंटींनीही पाहिलं. त्यांचा मुग्गू, म्हणजे दारातली रांगोळी, तसाच अर्धवट राहिला आणि माझ्याकडे बघून भुवया अश्शा वर गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, भाजी निवडली तर काय मोठं झालं? अहो, हे तेच काका ना, ज्यांना साखरेचा डबा कोणता ते रिटायर झाल्यावर कळलं! छत्तीस वर्षं ब्लास्ट फर्नेसवर काढली, घरात पाण्याचा पेला उचलला असेल तर शपथ. आणि आता परात मांडीवर? काहीतरी घडल्याशिवाय का?

घडलंय. सगळं त्यांच्या धाकट्यापासून सुरू झालं.

धाकटा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत, ते तुम्हाला माहीतच आहे. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा आईची सेवा करायला म्हणून आला. लॅपटॉप घेऊन आला, वर्क फ्रॉम होम. आम्ही म्हटलं, गुणाचं पोर, आजकाल कोण येतं? पण अहो, सेवा राहिली बाजूला. सकाळी नऊला जो खोलीत जायचा, तो रात्री एक-दीडपर्यंत आत. आणि चहा कोण नेऊन देतंय? काकू! वॉकर पुढं ढकलत, एका हातात कप धरून! मी डोळ्यांनी पाहिलं. म्हटलं, काकू, हे कुणाची सेवा कोण करून राहिलं? तर हसल्या आणि म्हणाल्या, "त्याचं डेडलाईन आहे गं." मला वाटलं काही दुखणं आहे.

काकांचा मात्र पारा चढत होता. आठ दिवस काही बोलले नाहीत. रात्री फेऱ्या घालायचे. दहाला एकदा घड्याळ बघायचे, साडेदहाला खोलीच्या दाराशी खाकरायचे. सवय हो, दुसरं काय! आयुष्यभर त्यांची घड्याळं तीनच. सहा, दोन आणि दहा. फर्स्ट, सेकंड आणि नाईट. अजून त्यांना 'दुपार' म्हणायचं असलं की 'सेकंड लागायच्या आधी' म्हणतात.

मग ती रात्र. कूलरसाठी खिडक्या उघड्या होत्या, म्हणून मला ऐकू आलं, मी काही कान लावून नव्हते बसले. दहा वाजून पाच मिनिटं. धाकट्याची मीटिंग चाललेली. स्क्रीनवर नऊ डोकी नऊ चौकोनांत, आणि मधला जो मोठ्ठा चौकोन, तो साहेब. काका उठले. अंगात बनियन, खांद्यावर पंचा. दार ढकललं, सरळ लेकाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि आपल्या भिलाईच्या हिंदीत विचारलं, "साहब, सेकंड शिफ्ट छूट गई. इसका रिलीवर कौन है?"

अहो, शांतता! धाकट्याचा चेहरा असा उतरला, जसा काही दहावीचा निकाल लागला. साहेबाला आधी कळेचना, रिलीव्हर म्हणजे काय. त्याला वाटलं डोकेदुखीचं औषध. तेवढ्यात एका चौकोनातली मुलगी खळाळून हसली. ती राउरकेल्याची निघाली! म्हणे, "अंकल, मेरे पापा भी प्लांट में थे, वो भी रोज़ यही पूछते हैं." मग तिनंच साहेबाला समजावलं की कारखान्यात एकाची पाळी संपली की त्याची जागा घ्यायला दुसरा येतो, तो रिलीव्हर. साहेब बिचारा खरं बोलून गेला. म्हणाला, "रिलीवर तो कोई नहीं है, अंकल."

काका म्हणाले, "तो फिर कौन-सी भट्टी जल रही है?"

भट्टी कसली? सोमवारी दाखवायच्या पीपीटीत डब्यांचा रंग निळा ठेवायचा की हिरवा, यावर चर्चा चालली होती. नऊ माणसं, रात्री दहा पाच. साहेबाचा चेहरा... काकू म्हणाल्या, भाजलेल्या वांग्यासारखा सुरकुतला.

दोन दिवस धाकटा जेवला नाही नीट. "बाबांनी माझं नाक कापलं" हेच चाललं होतं. पण त्या राउरकेल्याच्या मुलीनं ऑफिसभर सांगितलं असावं, कारण तिसऱ्या दिवसापासून त्यांच्यात म्हणे एक नवीनच सुरू झालं. रात्र झाली की कुणीतरी लिहितं, "भट्टी कौन-सी जल रही है?" आणि मीटिंग संपते. हे मला धाकट्यानंच सांगितलं, इथंच, याच मेंदीपाशी. हसत होता. पण ते नंतर.

तर काय सांगत होते... हां, काकांचं म्हणणं. ते काही अडाणीपणानं बोलले नव्हते हो. त्यांचं गणित सरळ आहे. ब्लास्ट फर्नेस एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझत नाही. आपली पहिली भट्टी १९५९ च्या ४ फेब्रुवारीला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. तेव्हापासून इथं कुणी ना कुणी रात्रीचा जागाच आहे. ती नवीन महामाया, आठ नंबरची, दिवसाला आठ हजार टनांवर लोखंड ओतायच्या ताकदीची. ती काय रविवार बघते? पण म्हणूनच, काका म्हणतात, भट्टीला चोवीस तास द्यायचे तर माणसाला आठच द्यावे लागतात. झोपेतल्या माणसाला वितळलेल्या लोखंडाजवळ उभं करत नाहीत. "आणि भट्टीचं म्हणाल," काका बोट वर करून सांगतात, "तर तिलासुद्धा शटडाऊन असतो. कॅपिटल रिपेअर असतं. आतल्या विटा झिजल्या की सगळं थंड करून नवीन अस्तर लावतात. आणि हा माझा पोरगा! याच्या कुठल्या विटा लोखंडाच्या आहेत?"

हे ऐकून मला एकदम ते हळदीकुंकू आठवलं, २०२५ च्या संक्रांतीचं. तुम्ही होतात ना? नाही, तुम्ही तेव्हा नागपूरला होतात. अहो, काय रंगलं होतं! तेव्हाच ते एल अँड टीचे साहेब, सुब्रह्मण्यन, बोलून गेले होते ना, आठवड्याला नव्वद तास काम करा, रविवारीही या, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार? सगळ्या बायका तिळगूळ हातात धरून त्याच्यावर तुटून पडल्या. कडुलिंबवाल्या वहिनी म्हणाल्या, "बघत बसा कुणी सांगितलं? कुकर लावा!" मग आनंद महिंद्रांचं कुणीतरी काढलं, त्यांनी त्याच आठवड्यात सांगितलं की तास मोजू नका, कामाची प्रत बघा, आणि माझी बायको छान आहे, मला तिच्याकडे बघायला आवडतं. आमच्या ह्यांनी ते ऐकलं मात्र... पेपर तोंडापुढं धरला.

आमचे हे पक्के सत्तर तासवाले हो! नारायण मूर्तींनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं ना, तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं, तेव्हापासून ह्यांच्या तोंडी तेच. मी म्हटलं, तुम्ही अकाउंट्समध्ये, जनरल शिफ्टला. साडेपाचला सायकलची घंटी वाजली नाही असा एक दिवस आठवतोय का तुम्हाला? तर म्हणतात, "तेव्हाचं वेगळं होतं." वेगळं काय होतं? तेव्हा तुम्ही तरुण होतात, एवढंच!

हां, तर त्या हळदीकुंकवाला ती दुर्गच्या कॉलेजात शिकवते ना, दुसऱ्या ओळीतली सून, गप्प असते नेहमी, ती बोलली. म्हणाली, काका-काकू, हे सगळं शंभर वर्षांपूर्वीच मोजून झालंय. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये तोफगोळ्यांच्या कारखान्यांत कामगार, त्यात बायकाच जास्त, आठवडेच्या आठवडे राबत होत्या. सरकारनं त्यांचा हिशेब ठेवला होता, कुणी किती तास केले आणि किती माल काढला. तो हिशेब स्टॅनफर्डच्या जॉन पेन्कॅव्हल नावाच्या प्राध्यापकांनी २०१४ मध्ये पुन्हा उकरून काढला. निघालं काय? सत्तर तास राबलेल्यांचा माल आणि छप्पन्न तास राबलेल्यांचा माल जवळजवळ सारखाच! वरचे चौदा तास गेले कुठं? हवेत.

"सत्तर" शब्द ऐकला आणि आमच्या ह्यांचा पेपर खाली आला. मग हळूच परत वर गेला. मी वाण वाटता वाटता बघत होते, मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण हे हरतात का? लगेच रशियाचं काढलं. आपला प्लांट रशियाच्या मदतीनं झालेला, १९५५ चा करार, ते सगळं ह्यांना पाठ. म्हणाले, "रशियात तो स्टाखानोव्ह होता, खाणकामगार. एका पाळीत १०२ टन कोळसा काढला, ठरलेल्याच्या चौदा पट! असं राबतात देशासाठी." तेव्हा बाहेर व्हरांड्यात चहा घेत बसलेले काका, हो, तेच मुनग्यावाले, आत डोकावून म्हणाले, "कितीव्या तासाला काढला?" हे गप्प. काका म्हणाले, "सहा तासांच्या आत. १९३५ मध्ये. आणि एकट्यानं नाही. तो फक्त कोळसा फोडत गेला, छताला लाकडी टेकू देणारी माणसं मागं वेगळी होती. आधी एकच माणूस दोन्ही करायचा, म्हणून वेळ लागायचा. काम वाटून घेतलं, एवढाच चमत्कार. जास्त थांबला म्हणून नाही झालं ते."

आता हे काकांना कुठून ठाऊक? अहो, त्यांनी तरुणपणी ज्या जुन्या लोकांच्या हाताखाली काम केलं, ते रशियन एक्सपर्टांबरोबर वावरलेले. त्यांच्या गोष्टी पानासारख्या चघळतात ते.

बरं, मी एकाच बाजूचं बोलत नाही हं. कडुलिंबवाल्या वहिनींचा मुलगा, सुपेल्याला मोबाइलचं दुकान टाकलंय, तो चौदा-चौदा तास उभा असतो आणि खुशीत असतो. वहिनी म्हणतात, "स्वतःच्या दुकानाला कसला रिलीव्हर?" खरंय तेही. रविवारी सुपेल्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा शटर ओढून घरी बसला तर खाईल काय? पण तो दुपारी तीन ते पाच दुकानात पोतं अंथरून झोपतो, हे वहिनी सांगत नाहीत. मी रिचार्जला गेले होते तेव्हा घोरत होता.

आणि आपली कामवाली घ्या. सकाळी साडेसहाला येते, पाच घरं उरकते, बाराच्या ठोक्याला चप्पल पायात. ती रेलगल्लीकडची बाई आहे ना, नवीन आलेली, ती एकदा तिला म्हणाली, "इतकी घाई कशाला, थांब जरा, अजून काहीतरी निघेल काम." आपली ती! पदर खोचून म्हणाली, "काम सिरा गे त घर जाहूं, नइ त का इहें बइठे रहूं?" काम संपलं तर घरी जाणार, नाहीतर काय इथंच बसून राहू? त्या बाईचं तोंड बघण्यासारखं झालं. मला वाटतं पुण्याच्या त्या साहेबाला आपल्या बाईकडं महिनाभर शिकवणीला पाठवावं.

पण तिचा नवरा... आता जरा हळू बोलते. तो ठेक्यावर आहे, एका छोट्या कारखान्यात. बारा तास. कागदावर आठ. कागदावर सगळं छान असतं हो. कायदा काय म्हणतो? आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, वरच्याला दुप्पट पैसे. त्याला विचारलं तर म्हणतो, दुप्पट कोण मागणार, दुसऱ्या दिवशी गेटवर नाव नसतं. आपल्या भिलाईला हे नवीन का आहे? कामगारनेते नियोगींना याच गावात, १९९१ च्या सप्टेंबरमध्ये, रात्री झोपेत गोळी घातली. पुढच्या जुलैत पॉवर हाऊस स्टेशनला रुळांवर बसलेल्या मजुरांवर गोळीबार झाला. तेव्हा माझं लग्न नवीन होतं, दोन दिवस दार उघडायची हिंमत नव्हती झाली. ते लोक काय चंद्र मागत होते? जे आपल्या ह्यांना नि काकांना नेमणुकीच्या कागदाबरोबर मिळालं, तेच मागत होते. म्हणून मला त्या नव्वद तासांचं हसूही येतं आणि रागही येतो. ज्याला पगाराची पोती मिळतात तो बारा तास बसला तर बातमी होते, 'मेहनती'. आणि हा बसला तर कुणाला पत्ताच नाही.

असो. कुठं होते मी? हां, धाकटा.

तर तिसऱ्या दिवशी बाप-लेकाचं बोलणं सुरू झालं. झालं म्हणजे, काकांनी एक फूलस्केप वही काढली, पट्टीनं रेघा मारल्या आणि लेकाच्या मागे मोढा टाकून बसले. लॉगबुक! प्लांटमध्ये लिहायचे तसं. वेळ, काम, शेरा. धाकटा "बाबा, जा ना" म्हणाला, तर म्हणे मी बोलत नाही, फक्त लिहितो. दोन दिवस लिहिलं. मग रात्री बेरीज केली. तेरा तासांपैकी खरं काम पाच तास. बाकी मीटिंग. मीटिंग कधी घ्यायची याची मीटिंग. आणि 'हिरवा दिवा'.

हिरवा दिवा म्हणजे काय, मलाही माहीत नव्हतं. अहो, त्यांच्या कॉम्प्युटरवर नावापुढं हिरवा ठिपका असतो. तुम्ही काही हलवलं नाही की तो पिवळा होतो आणि साहेबाला कळतं, हा उठला. म्हणून पोरगं जेवताना एक बोट उंदरावर ठेवायचं! काकांनी शेऱ्याच्या खान्यात लिहिलं: "२०.१० ते २०.४०. दिवा राखणे." आणि काकूंना म्हणाले, "आमच्याकडे लाल दिव्याला घाबरायचे, यांच्याकडे हिरव्याला घाबरतात."

प्लांटमध्येही आता चेहरा दाखवून हजेरी आहे, तुम्हाला माहीतच आहे, त्यावरून किती कुरबूर झाली. काकांचं त्यावरही एकच वाक्य. "मशीन सांगतं माणूस आला. काम झालं की नाही, ते हॉट मेटल सांगतं."

मग धाकट्यानं काय केलं म्हणता? मला वाटलं नोकरी सोडतो की काय. पण नाही. त्यानं संध्याकाळी सात वाजता साहेबाला एक कागद पाठवायला सुरुवात केली. आज काय झालं, काय अडलं, उद्या पहिल्यांदा काय करायचं. बापानं सांगितलेलं हँडओव्हर! आणि कॉम्प्युटर बंद. पहिल्या आठवड्यात साहेबाचे तीन फोन आले म्हणे. दुसऱ्या आठवड्यात एक. नंतर साहेबानं सगळ्यांनाच तो कागद लिहायला लावला. आता बढतीच्या वेळेला काय होतं ते बघू. काकूंना त्याची धास्ती आहे. खोटं कशाला सांगू, मलाही आहे. तिकडं पुण्यात दिवा राखणारे कमी नाहीत, आणि दिवाच बघणारे साहेबही कमी नाहीत. धाकट्यानं आपल्या साहेबाला जपानचं काहीतरी दाखवलं होतं, मायक्रोसॉफ्टनं तिकडं २०१९ च्या ऑगस्टमध्ये शुक्रवारी सुट्टी देऊन बघितली, मीटिंगा अर्ध्या तासाच्या आत आणल्या, तर दर माणशी विक्री चाळीस टक्क्यांनी वाढली. साहेब म्हणाला, "वो जापान है." म्हणजे नव्वद तास सांगताना आपण जपान, आणि सुट्टी द्यायची म्हटली की आपण भारत!

आणि माझी बहीण ठाण्याहून काय सांगते, ऐकलंत का? महाराष्ट्रात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळानं दुकानं-ऑफिसांचे रोजचे नऊचे दहा तास आणि कारखान्यांत नऊचे बारापर्यंत करायला मंजुरी दिली. तीच म्हणाली, अगं, आपल्या ठाण्याच्याच लोखंड्यांनी मिळवलेलं आपणच परत देतोय. नारायण मेघाजी लोखंडे हो! १ मे ला मंडळात दरवर्षी त्यांच्या फोटोला हार घालतो आपण. गिरण्यांत तेव्हा उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम, आठवड्याची सुट्टी नाही. त्यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, सहा वर्षं मागं लागले, तेव्हा कुठं १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. रविवार आमच्या खंडोबाचा वार, तोही त्यांना आठवला होता म्हणतात. माझ्या माहेरी कुलदैवत जेजुरीचंच, म्हणून मला ती गोष्ट जास्त लाडकी. आठ तासांचंही तसंच. बाबासाहेब मजूरमंत्री होते तेव्हा १९४२ मध्ये विषय टेबलावर आला आणि १९४६ ला चोपन्नचे अठ्ठेचाळीस झाले. म्हणजे आपण ज्याला 'कायदा' म्हणतो तो कुणीतरी भांडून आणलेला.

आता परवाच १ मे आहे, मंडळात पुन्हा हार, पुन्हा भाषण. आपल्या छत्तीसगडात त्या दिवशी बोरे बासी खायची रीत २०२२ पासून सुरू झाली ना, मजुरांच्या मानासाठी. रात्रीचा भात पाण्यात, सकाळी कांदा-मिरचीबरोबर. मी तर म्हणते, आपल्यालाही तेवढंच पुरे, महाराष्ट्र दिनाला पुरणपोळी कोण लाटत बसणार...

अरे हो! पुरणपोळीवरून आठवलं. लाल भाजी! ते राहिलंच की.

तर हे सगळं लॉगबुक-हँडओव्हर चाललं असताना काका असे फुलले होते! मंडळात, देवळात, इंडियन कॉफी हाऊसमध्ये, जो भेटेल त्याला तीच गोष्ट. "मी विचारलं, रिलीव्हर कौन है?" रविवारी घरी चारजण आलेले, तिथंही सुरू. काकू वॉकर धरून आतून पोहे घेऊन आल्या. ताटल्या ठेवल्या. सगळ्यांच्या हातात चमचे. आणि अगदी शांतपणे, ओरडून नाही हो, शांतपणे विचारलं, "माझा रिलीव्हर कोण?"

बाई गं! आमचे हे तिथं होते. ह्यांनी सांगितलं, चमच्याचा आवाजही येईना. काका म्हणाले, "अगं तू..." आणि पुढं शब्दच नाही. काकू तिथंच थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीत नाईट करून परत फर्स्ट केलीत, दुसऱ्याची पाळी मागून घेतलीत, ओव्हरटाईमसाठी. दोन महिने. तो फ्रिज आणलात. सोळाव्या तासाला सायकलवर डुलकी लागून याच मेंदीत पडला होतात. तेव्हा घरात आजारी सासूबाई, लहान मुलं आणि मी. माझी कितवी पाळी चालली होती ते तुम्ही लॉगबुकात लिहिलं होतंत का?"

काकांचा चेहरा... ह्यांनी इतक्या वर्षांत असा चेहरा पाहिला नव्हता म्हणे. फ्रिज मागं घरघरत होता. तोच जुना. सगळे त्याच्याकडेच बघायला लागले.

धाकटा उठला आणि त्यानं ती फूलस्केप वही आणली. नवीन पान काढलं. रेघा मारल्या. फर्स्ट, सेकंड, जनरल. सहा ते दहा, चहा, दूध, भाजी निवडणं, डाळ लावणं... 'बाबा'. संध्याकाळी सातनंतर पोळ्या... 'मी'. पोळ्या बाहेरून आणतो, ते सोडा. काकूंच्या नावापुढं लिहिलं, 'ऑफ'. काकू म्हणाल्या, "ऑफ नको, जनरल द्या. मला बसवत नाही."

आमच्या ह्यांना हे सांगताना काय वाटलं कुणास ठाऊक. संध्याकाळी स्वतःचा कप स्वतः विसळला. मी काही बोलले नाही. दृष्ट लागायची.

म्हणून ती लाल भाजी हो! म्हणून ती वही! आणि खूण कशाची करत होते, तर जुडी निवडून झाली की रिपोर्ट भरत होते. छत्तीस वर्षांची सवय, पालेभाजीसुद्धा शिफ्ट रिपोर्टाशिवाय निवडवत नाही त्यांना...

अगंबाई. गप्प गप्प. ते बघा, तेच येताहेत. नका बघू तिकडं! बादली उचला, बादली.

काय काका! उन्हात कुठं निघालात? मुनगा यंदा छान लागलाय हो तुमचा.

"वहिनी, मुनग्याचं राहू द्या," काका म्हणाले. हातात वही, चष्मा कपाळावर. इकडंतिकडं बघून मेंदीवरून वाकले आणि आवाज खाली करून म्हणाले, "एक अडलंय. ती फिजिओथेरपीला गेलीय, फोन लागत नाही. हँडओव्हरमध्ये लिहून गेलीय, 'डाळ भिजवलेली आहे'. पण कुठं ठेवलीय, ते लिहिलेलंच नाही."